फोटोवरून परोपजीवी माश्या ओळखणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परोपजीवी माशी म्हणजे नेमकी कुठली? शेतात तर सगळ्याच माश्या सारख्या दिसतात.

दुसऱ्या जिवाच्या अंगात किंवा अंगावर जिचं पोट भरतं ती. यात दोन वेगळ्या जमाती आहेत. पहिलीची फक्त अळी परोपजीवी असते. ती ज्याच्यावर जगते त्या किड्याच्या, म्हणजे यजमानाच्या, आत वाढते, त्याला आतून खाऊन बाहेर पडते आणि यजमान मरतो. पूर्ण वाढलेली माशी मात्र फुलांवर मध पीत हिंडते. घाटेअळी, लष्करी अळी, खोडकिडा यांच्यावर वाढणाऱ्या टॅकिनिड माश्या या गटातल्या. जगभरात त्यांच्या साडेआठ हजारांहून जास्त प्रजातींना नावं मिळाली आहेत. दुसऱ्या जमातीतली पूर्ण वाढलेली माशीच जनावराच्या किंवा पक्ष्याच्या अंगावर राहून रक्त पिते.

पुढची बहुतेक उत्तरं टॅकिनिडांबद्दल आहेत, कारण ओळखीसाठी सर्वांत जास्त फोटो त्यांचेच येतात आणि सर्वांत जास्त चुकाही त्यांच्याच ओळखीत होतात.

एका फोटोवरून प्रजातीचं नाव मिळेल का?

बहुतेक वेळा नाही. चांगल्या फोटोवरून कुळ खात्रीने कळतं, कधी वंशही कळतो. प्रजातीसाठी डोक्यावरचे राठ केस मोजावे लागतात, नराच्या पोटाचं टोक उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. शेतातल्या फोटोखाली कुणी दोन मिनिटांत पूर्ण शास्त्रीय नाव लिहून दिलं, तर ते कशावरून हे विचारा. ‘टॅकिनिडी कुळ, पुढचं सांगता येत नाही’ एवढंच उत्तर मिळालं तर ते अर्धवट समजू नका, त्या फोटोतून तेवढंच निघतं.

याला एक मोठा अपवाद आहे. यजमान माहीत असेल तर चित्र बदलतं. ‘तुरीच्या पानावर बसलेली करडी माशी’ यात काहीच हाती लागत नाही. ‘तुरीवरच्या घाटेअळीतून निघालेली करडी माशी’ म्हटलं की संशयितांची यादी चार-पाच नावांवर येते: कार्सेलिया इलोटा, गोनिऑफ्थॅल्मस हॅली आणि त्यांचे भाऊबंद.

फोटोत काय काय दिसायला हवं?

पाच कोन हवेत. त्यांतला तिसरा बहुतेकांकडून राहून जातो.

1. वरून, पाठ पूर्ण दिसेल असा. छातीवरचे पट्टे आणि पोटावरची नक्षी यात येते.
2. बाजूने, माशीच्या पातळीवर कॅमेरा आणून. मोबाइल जवळजवळ पानाला टेकवावा लागतो.
3. बाजूनेच, पण मागच्या बाजूला किंचित सरकून. पंखांच्या खालून छातीचं मागचं टोक दिसलं पाहिजे.
4. समोरून चेहरा: डोळ्यांमधलं अंतर, मिशा, सोंड.
5. पंखाच्या शिरा. पंख अर्धवट उघडे असताना मागून उजेड आला की शिरा उठून दिसतात.

त्यासोबत मोजमापासाठी आलेख कागदाचा तुकडा किंवा पट्टी धरलेला एक फोटो हवा. नाणं ठेवू नका. एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या आकारात निघाली आहेत, मग नाणं कुठलं यावरच चर्चा सुरू होते.

तो तिसरा कोन एवढा महत्त्वाचा का?

माशीच्या छातीच्या मागच्या टोकाला एक त्रिकोणी ढाल असते, तिला स्क्युटेलम म्हणतात. टॅकिनिड माशीत या ढालीच्या बरोबर खाली आणखी एक फुगीर उंचवटा असतो, तो सबस्क्युटेलम. बाजूने पाहिलं तर एकाखाली एक अशा दोन गाद्या रचल्यासारखं दिसतं. घरमाशीत, निळ्या-हिरव्या चकाकत्या माशीत, करड्या मांसमाशीत ही खालची गादी नसते किंवा नावापुरतीच असते. कुळ ठरवायला यापेक्षा भरवशाची खूण नाही. वरून काढलेल्या शंभर फोटोंत मात्र ती एकदाही दिसणार नाही.

दुसरी खूण त्याच फोटोत सापडते. पंखाच्या मुळामागे छोटी गदा असते, तिला संतुलक म्हणतात. तिच्या खाली आणि मागच्या पायाच्या मुळाच्या वर राठ केसांची एक उभी रांग पाहा. कंगव्याचे दात असावेत तशी. ही रांग टॅकिनिड, मांसमाशी आणि चकाकत्या माशीत असते, घरमाशीत नसते. म्हणजे या रांगेने घरमाशी बाहेर पडते आणि खालच्या गादीने उरलेल्या दोघी.

पंखाची शीर वाकलेली असली की टॅकिनिड, असं वाचलं आहे. खरं का?

अर्धंच. पंखाच्या मधली एक लांब शीर टोकाजवळ पुढच्या बाजूला कोपरासारखी वळते. टॅकिनिडांत हे वळण जवळपास नेहमी असतं. पण मांसमाशीत, चकाकत्या माशीत आणि आपल्या घरमाशीतही ते असतं. त्यामुळे ही खूण उलट्या दिशेने वापरा. शीर सरळ कडेपर्यंत गेली असेल तर माशी बहुधा टॅकिनिड नाही. वळली असेल तर एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही, पुढच्या खुणा बघा.

मांसमाशी आणि टॅकिनिड यांत सारखा घोळ होतो. सोपा फरक सांगा.

सर्वांत जास्त चुकणारी जोडी हीच. दोघी करड्या, दोघींच्या पाठीवर काळे उभे पट्टे, दोघी उन्हात पानावर बसणाऱ्या.

मांसमाशीच्या छातीवर तीन ठळक पट्टे असतात. पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-चंदेरी नक्षी असते आणि ही नक्षी उजेडाचा कोन बदलला की हलते, काळा चौकोन चंदेरी होतो. मिशीतून निघणारा बारीक केस, म्हणजे अरिस्टा, निम्म्यापर्यंत पिसासारखा आणि पुढे उघडा असतो. टॅकिनिडात तो सहसा पूर्ण उघडा असतो. टॅकिनिडाच्या पोटावर, विशेषतः मागच्या निम्म्या भागावर, उभे जाड राठ केस असतात, साळूच्या काट्यांसारखे.

पट्टे मोजताना एक काळजी घ्या. छातीवर मधोमध एक आडवी खाच असते आणि तिच्या मागे पट्टे तुटतात, जुळतात, मिसळतात. म्हणून खाचेच्या पुढे, म्हणजे डोक्याकडच्या भागातच मोजा. तिथे चार पट्टे स्पष्ट दिसले तर टॅकिनिडाकडे झुकायला हरकत नाही.

अपवाद आहेत आणि ते त्रासदायक आहेत. टॅकिनिडांच्या डेक्सिनी उपकुळातल्या बऱ्याच माश्यांत अरिस्टा पिसासारखा असतो. उलट मांसमाश्यांच्या एका गटात तो उघडा असतो. या माश्या मातीत बिळं करणाऱ्या गांधीलमाशीच्या मागे मागे, हातभर अंतर राखून उडत जातात आणि तिने पिल्लांसाठी आणलेल्या शिकारीवर आपल्या अळ्या सोडतात. म्हणून एका खुणेवर कधीही निकाल देऊ नका. दोन तरी जुळल्या पाहिजेत.

एखादा फोटो प्रत्यक्ष कसा वाचायचा, ते दाखवाल का?

समजा फोटो असा आहे: मक्याचं पान, त्यावर करडी माशी, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उघडे, कॅमेरा थोडा वरून आणि बाजूने. पंख दोनच आहेत आणि मागे पिवळट गदा दिसते, म्हणजे ती माशीच आहे, गांधीलमाशी किंवा मधमाशी नाही. पंखाची शीर वळलेली आहे. गदेखाली केसांची रांग आहे, घरमाशी कटली. पट्टे खाचेपुढे चार आहेत. पोटाच्या मागच्या भागावर उभे काटे आहेत. अरिस्टा धूसर आहे, त्यावर बोलायचं नाही. ढालीखालची गादी पंखाच्या सावलीत गेली आहे, तिच्यावरही नाही.

निकाल: ‘बहुधा टॅकिनिड, गादी न दिसल्याने खात्री नाही’. त्याच पानावर लष्करी अळी होती आणि तिच्या मानेवर पांढरं अंडं होतं, असा दुसरा फोटो जोडला तर ‘बहुधा’ खोडता येईल. अमेरिकन लष्करी अळी भारतात 2018 साली आली, तरी इथल्या एक्झोरिस्टा वंशातल्या टॅकिनिडांनी तिला यजमान म्हणून केव्हाच स्वीकारलं आहे.

अळीच्या अंगावर पांढरे ठिपके आहेत. ही माशीची अंडी का?

तीन गोष्टी ‘पांढरे ठिपके’ म्हणून येतात.

टॅकिनिडाचं अंडं लांबट गोल, गुळगुळीत, कातडीला घट्ट चिकटलेलं, जेमतेम अर्धा मिलिमीटर किंवा थोडं मोठं असतं. ते बहुतेकदा डोक्यामागे किंवा वळ्यांच्या घडीत सापडतं, जिथे अळीचं तोंड पोचत नाही. एक, दोन, फार तर चार-पाच.

भाताच्या दाण्यांसारखे किंवा कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे कोष अंगावर किंवा अंगाखाली असतील तर ते कोटेशियासारख्या बारीक परोपजीवी गांधीलमाशीचे. तिच्या अळ्या आतून बाहेर येऊन रेशमी कोष विणतात. टॅकिनिड अळी कोष विणतच नाही.

पाठीवर हिरवट-पिवळ्या बारीक अळ्यांचा घोळका दिसला तर ती युप्लेक्ट्रस नावाची बारीक गांधीलमाशी. ही यजमानाला बाहेरून खाते.

अंडं दिसलं म्हणजे अळी मरणारच, असंही नाही. माशीची अळी अंड्यातून आत शिरण्याआधी यजमानाने कात टाकली, तर अंडं कातीबरोबर गळून पडतं. आणि अंडं दिसलं नाही म्हणजे अळी निरोगी, असंही नाही. गोनिऑफ्थॅल्मससारख्या माश्या डोळ्यांना दिसणारही नाहीत अशी बारीक अंडी पानावर घालतात आणि अळी ती पानाबरोबर गिळते. उसातल्या खोडकिड्यावरची स्टर्मिऑप्सिस इन्फेरेन्स तर अंडी न घालता जिवंत अळ्याच किडीने पाडलेल्या भोकाशी सोडते. मग त्या विष्ठेतून वाट काढत आत जातात. या माश्यांची अंडी कुठल्याच फोटोत येणार नाहीत.

रेशीम कीटकावर काळा डाग आहे. उझी माशीचा का?

मराठवाड्यात तुती रेशीम वाढल्यापासून हा प्रश्न सारखा येतो, आणि इथे ओळख चुकली तर खिशाला चाट बसते, म्हणून नीट पाहा.

उझी ही टॅकिनिडच आहे. ग्रंथांत तिचं नाव एक्झोरिस्टा बॉम्बायसिस आणि एक्झोरिस्टा सॉर्बिलन्स असं दोन्ही तऱ्हेने सापडतं, दोन्ही वाचून गोंधळू नका. घरमाशीपेक्षा मोठी, काळपट करडी, छातीवर चार काळे पट्टे, पोट मागे निमुळतं. पश्चिम बंगालमधून ती 1980 साली कर्नाटकात पोचली आणि तिथल्या रेशीमपट्ट्यात पसरली.

अंडं पिवळट पांढरं, नुसत्या डोळ्यांना दिसणारं. दोन ते पाच दिवसांत त्यातून अळी थेट कातडीत शिरते आणि शिरल्याजागी काळसर व्रण पडतो. व्रणाचा फोटो काढताना पूर्ण कीटक, व्रणाचा जवळचा फोटो, आणि जवळपास अंड्याचं रिकामं टरफल चिकटलेलं असेल तर तेही घ्या. टरफल दिसलं की वाद संपला.

मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके अंगभर असतील तर ते उझीचं काम नाही. ती पेब्रिन या रेशीम कीटकांच्या रोगाची शंका आहे. पेब्रिन फोटोवरून ठरत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतो, त्यामुळे लगेच तपासणी करून घ्या.

चौथ्या किंवा पाचव्या अवस्थेच्या सुरुवातीला अंडं पडलं तर कीटक कोष विणण्याआधीच मरतो. पाचवीच्या शेवटी पडलं तर कोष होतो, पण माशीची अळी तो फोडून बाहेर येते. टोकाला गोल भोक पडलेल्या कोषातून सलग धागा निघत नाही. संगोपनगृहाच्या दारं-खिडक्यांना नायलॉनची जाळी आणि तिच्यात एकही फट नाही, हा सर्वांत साधा उपाय. चंद्रिकांखाली (कीटक कोष विणायला ठेवतात त्या जाळ्यांखाली), भिंतीच्या कडेला, जमिनीच्या भेगांत माशीची तपकिरी कोषकं, म्हणजे तिच्या अळीभोवतीची टणक कवचं, सापडतात, ती झाडून रोजच्या रोज नष्ट करा. त्यांतून साधारण दहा-बारा दिवसांत नवी माशी निघते.

गडचिरोली, भंडारा भागात ऐन-अर्जुनावरच्या टसर कीटकावर येणारी उझी वेगळी आहे, ती ब्लेफॅरिपा झेबिना. तिचे फोटो तुतीच्या उझीत मिसळू नका. माहितीत झाडाचं नाव लिहिलं की हा घोळ आपोआप टळतो.

मातीत तपकिरी पिंपासारखं काही सापडलं. पतंगाचा कोष की माशीचा?

पतंगाच्या कोषावर पंखांचे, डोळ्यांचे, पायांचे ठसे दिसतात. मागचं टोक टोकदार असतं आणि बोट लावलं की पोट वळवळतं. माशीचं कोषक म्हणजे दोन्ही बाजूंनी गोल झालेलं गुळगुळीत पिंप, कुठलाही ठसा नाही, हालचाल नाही. त्याच्या मागच्या टोकाचा जवळून फोटो घ्या. तिथे दोन काळे उंचवटे असतात, त्या श्वासाच्या खिडक्या. त्यांचा आकार आणि फटींची संख्या ओळखीला उपयोगी पडते.

रिकामं कोषक असेल तर तोंड पाहा. माशी बाहेर पडताना पुढची टोपी उडवते, म्हणून टोकाला झाकण निघाल्यासारखं दिसतं. कडेला बारीक गोल भोक असेल तर आतल्या माशीलाच दुसऱ्या कुणी खाल्लं. उझीवर सोडली जाणारी नेसोलिंक्स थायमस ही गांधीलमाशी असंच भोक पाडून निघते.

माशीसारख्या न दिसणाऱ्या माश्याही परोपजीवी असतात का?

हो, आणि त्या ओळखायला उलट सोप्या असतात.

कंबर बारीक, डोकं मोठं, सोंड लांब आणि कोपरातून दुमडलेली, एकूण रूप गांधीलमाशीचं, पण पंख दोनच: कोनोपिड. तिची मादी उडत्या मधमाशीवर किंवा गांधीलमाशीवर झडप घालून अंडं घालते. डोकं म्हणजे जवळजवळ नुसते डोळेच, माशी बारीक आणि भातावर तरंगत राहणारी: पिपंक्युलिड, तुडतुड्यांची शत्रू. केसाळ, मऊ, पंख दोन्ही बाजूंना पसरून मोकळ्या मातीवर बसणारी: बॉम्बिलिड. नारिंगी लांब पोटाची, गांधीलमाशीचं सोंग घेणारी सिलिंड्रोमाया मात्र टॅकिनिडच आहे आणि ती ढेकणांच्या जातभाईंवर, म्हणजे शेतातल्या दुर्गंधी ढेकण्यांवर जगते.

जनावराच्या किंवा कबुतराच्या अंगावर चपटी, खेकड्यासारखी चालणारी माशी आहे.

हिपोबॉस्किड. अंग चामड्यासारखं चिवट, चिमटीत दाबलं तरी सटकते. गाई-बैलांवर हिप्पोबॉस्का मॅक्युलाटा, कुत्र्यांवर हिप्पोबॉस्का लाँजिपेनिस, कबुतरांवर स्यूडोलिंकिया कॅनारिएन्सिस. कबुतरावरची माशी कबुतरांचा हिमोप्रोटियस नावाचा रक्तातला परजीवी पसरवते. मादी अंडी घालत नाही, पूर्ण वाढलेली एकच अळी प्रसवते. वटवाघळांवर सापडणारी निक्टेरिबिड तर बिनपंखांची, हुबेहूब कोळ्यासारखी. पाय मोजा, सहा भरतील. फोटोत यजमान प्राणी नक्की यायला हवा. माशी उचलून कागदावर ठेवली की निम्मी माहिती गेली.

मोबाइलने स्पष्ट फोटो येत नाही.

बऱ्याच फोनमधला ‘मॅक्रो’ वेगळ्या, हलक्या दर्जाच्या कॅमेऱ्यावर चालतो. तो बंद करा. मुख्य कॅमेरा दुप्पट झूमवर ठेवून दहा-पंधरा सेंटिमीटरवरून काढा आणि नंतर कातरा. क्लिपवालं भिंग लावलं तर दोन-तीन सेंटिमीटरवर यावं लागतं. त्यासाठी सकाळी लवकर जा, ऊन चढण्याआधी माशी सुस्त असते. कोथिंबीर, बडीशेप, गाजर फुलावर असेल किंवा माव्याचा चिकटा पडला असेल तिथे थांबा, माशी आपणहून येते. एकाच कोनाचे दहा-पंधरा फोटो पटापट घ्या, एक तरी जमतो.

पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तो आकसतो आणि राठ केसांचा नुसता चिखल होतो.

यजमानातून माशी कशी वाढवायची?

प्रत्येक अळी वेगळ्या डब्यात. घाटेअळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. पाव लिटरचा पारदर्शक डबा, तळाला दोन सेंटिमीटर जेमतेम ओलसर बारीक माती, तोंडाला मलमल आणि रबर. पान रोज बदला, विष्ठा काढा. बुरशी हा पहिला शत्रू आणि मुंग्या दुसरा. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. डबा उन्हात नको.

डब्यावर पेन्सिलीने लिहा: तारीख, गाव-तालुका, पीक, अळी, अळीची लांबी. माशीचं कोषक दिसलं की ती तारीखही. मेलेल्या अळीचं डोकं आणि कातडं फेकू नका, यजमान खरोखर कोण होता हे त्यावरूनच ठरतं.

नवी माशी निघाली की लगेच फोटो काढायची घाई करू नका. सुरुवातीला रंग फिका, पंख चुरगळलेले, कपाळावर फुग्यासारखी पिशवी आतबाहेर होत असते. चोवीस तास थांबा. नंतर काचेच्या बाटलीत घालून फ्रीजमध्ये पाच-दहा मिनिटं ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. गार पडलेली माशी आलेख कागदावर एक-दोन मिनिटं स्थिर बसते. तेवढ्यात पाचही कोन होतात.

या माश्या चावतात का? मारायच्या का?

टॅकिनिड चावत नाही, तिची सोंड चाटायची असते. गोठ्यात पायाला चावणारी, सुईसारखी सोंड पुढे काढून बसणारी माशी वेगळी आहे, ती स्टोमॉक्सिस. पिकात टॅकिनिड दिसली तर तिला हात लावू नका, ती तुमचंच काम करते आहे. संगोपनगृहात उझी दिसली तर मात्र गय नाही.

नमुना तज्ज्ञाकडे पाठवायचा तर कसा?

70 टक्के अल्कोहोलमध्ये टाकली की माशीच्या अंगावरची पूड आणि रंग जातात, पट्टे दिसेनासे होतात. म्हणून ओळखीसाठी माशी कोरडी, छातीत मधोमध नव्हे तर थोड्या उजव्या बाजूला टाचणी टोचून पाठवा. मधोमध टोचलं तर महत्त्वाचे केस तुटतात. तिचं रिकामं कोषक त्याच टाचणीवर छोट्या कागदाला डिंकाने चिकटवा. डीएनए तपासायचा असेल तर दुसरी माशी 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. दुसरी नसेल तर कोरड्या माशीचा एक पायही बहुतेक वेळा पुरतो. बंगळूरची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो ही संस्था कीटकांचंच काम करते, आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यात आकुर्डीला असलेल्या केंद्रात इतर प्राण्यांसोबत कीटकांचंही काम होतं. नमुना टपालात टाकण्याआधी त्यांना फोटो पाठवून विचारा.